पायऱ्यांना सोडलेली माया

"चार दिवसांसाठी आलेय," असं म्हणून आत्या भाच्याकडे राहायला आली, त्याला आता कितीतरी महिने झाले होते आणि तिची ट्रंक अजून दोरीनं बांधलेलीच होती. लागेल तसा एखादा कपडा काढायचा की दोरी पुन्हा आवळून ट्रंक पलंगाखाली. खोलीत कपाट होतं. भाचेसुनेनं ते पुसून, आत कागद अंथरून, दोन हँगरसुद्धा अडकवून ठेवले होते. आत्यानं दार उघडून बघितलं, "छान आहे हो," म्हणाली आणि लावून टाकलं. न्हाणीघरातल्या दांडीवर टॉवेल टाकायचा तर तिथं आधीच दोघांचे टॉवेल, म्हणून हिनं आपल्या खिडकीला सुतळी बांधून घेतली. शिवणयंत्र कोपऱ्यात चादर पांघरून उभं होतं. घरातला पाहुणा कोण, ते यंत्र की आत्या, हे सांगणं अवघड होतं.

सगळं आयुष्य तिनं कपडे शिवले. बाजारामागच्या गल्लीत जिन्याखाली एक गाळा होता, त्यात एक यंत्र, एक टेबल, एक आरसा आणि काजं करणारी मैत्रीण, एवढं मावायचं. गिऱ्हाईक आत आलं की मैत्रिणीला बाहेर जावं लागे. वरच्याच मजल्यावर आत्याची खोली. इमारत पाडायला काढली तेव्हा गाळा आणि खोली दोन्ही एकदमच गेली. भाचा येऊन म्हणाला, "आत्या, चल आमच्याकडे," आणि ती म्हणाली, "चार दिवस येते."

तिची एक पद्धत होती. कपडा बेतून, कापून झाला की ती तो आधी कच्च्या टाक्यावर जोडायची, लांब लांब धावदोरा घालून, आणि गिऱ्हाइकाला अंगात चढवायला लावायची. मग हुकूम सुटायचे. बसा. उठा. हात वर करा. खाली पडलेलं काहीतरी उचला. "उभ्या माणसाला कुठलाही कपडा बसतो," ती म्हणायची, "पण माणूस काय उभाच राहणारे का?" लोक वैतागायचे. एका नवऱ्या मुलाचा कोट म्हणे लग्नाच्या सकाळपर्यंत कच्च्या टाक्यावरच होता आणि तो तसाच बोहल्यावर चढला. हे खोटं आहे असं आत्या सांगते, पण सांगताना हसते, तेव्हा काय ते समजून घ्यावं.

भाच्याच्या घरात ती अशीच राहत होती, कच्च्या टाक्यावर. उसवायची वेळ आलीच तर एक धागा ओढला की मोकळी. ह्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं होतं, थोड्याच काळाचं. त्या घरी गेल्या गेल्या तिनं हौसेनं आपलं सगळं सामान कपाटात लावलं होतं. पुढं ते एकेक करून परत भरताना सासरची माणसं दारात उभी राहून बघत होती. तेव्हापासून परक्या कपाटात काही ठेवायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलं. कुणाला बोलून दाखवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग घरच्यांनी सरळ विचारायचं की. पण "किती दिवस राहणार?" हे आपल्याकडे विचारता येत नाही. कितीही गोड आवाजात विचारा, ऐकणाऱ्याला "कधी निघताय?" असंच ऐकू येतं. आणि "मी इथंच राहू का?" हे आत्यालाही विचारता येत नव्हतं, कारण तोंडावर नाही कोण म्हणेल? मग त्या होकाराला काय चाटायचंय? तेव्हा तिघंही तोंडाला कुलूप लावून एकमेकांना चहा देत होते.

भाचा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. भला माणूस, पण घरी आल्यावरही समोरच्याच्या तोंडाकडेच बघायचा. भाचेसून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीशी बसायची. ज्यांच्या नळाला पाणी नाही अशी माणसं दिवसभर तिच्यावर ओरडायची आणि ती त्यांच्याशी शांतपणे बोलायची. एवढं बोलून झाल्यावर घरासाठी तिच्याकडे फारसे शब्द उरत नसत. "हं." "बरं." "ठेवलंय." आत्याला वाटायचं, आपलं असणं हिला जड होतंय. खरं तर तिचा घसाच दुखत असायचा.

घर चढावर होतं. खाली गल्लीत फाटक, आणि फाटकापासून घरापर्यंत दगडी पायऱ्या. काही नीट बसवलेल्या, काही मूळ खडकातच छिन्नीनं खोदलेल्या, त्यामुळे एकीची उंची दुसरीला नाही. मध्ये दोन वळणं. दोन्ही बाजूंना उघडा खडक, त्याच्या भेगांत मूठमूठ माती आणि त्या मातीत वाळलेलं गवत. गॅसची टाकी आणणारा माणूस दर खेपेला नवीन शिवी शोधत वर यायचा.

एका सुट्टीच्या दिवशी भाचेसून भाजीची पिशवी घेऊन पहिल्या वळणावर थांबली आणि वर उभ्या असलेल्या आत्याला म्हणाली, "आत्या, ह्या पायऱ्यांकडे बघवत नाही. सगळं राखाडी. तुम्ही इथं काहीतरी लावता का?"

"मी?" आत्या म्हणाली. "मला झाडांतलं काय कळतंय!"

"कुठं काय शोभतं ते तर कळतं ना. पण असं लावा, की वर्षभर दिसेल. दोन महिने फुललं आणि मग नुसत्या काटक्या, तसलं नको. घाई नाहीये. नीट बघून, सगळे ऋतू बघून ठरवा."

इतकं लांब वाक्य ती ह्या घरात क्वचितच बोलली होती. आत्याला आनंद झाला. इथं आल्यापासून तिनं भांड्याला हात लावला की "तुम्ही बसा," केरसुणी उचलली की "तुम्ही बसा." बसून बसून तिची कंबर धरली होती. कुणीतरी काम सांगितलं हेच खूप होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनात आलंच, की म्हातारीला गुंतवून ठेवायला काढलेलं हे काम आहे. असेना का, म्हणाली आणि कूस बदलली.

गल्लीच्या टोकाला नर्सरी होती. नर्सरीवाला जाड भुवयांचा, पाण्याची नळी हातातून खाली न ठेवता बोलणारा.

"जागा कशी आहे?" त्यानं विचारलं.

"वर खांद्यांत रुंद आहे," आत्या म्हणाली, "मधे कमरेशी दोनदा आवळलीय, आणि खाली चांगला घेर आहे."

त्यानं नळी बाजूला केली. "बाई, पायऱ्यांचं सांगताय ना?"

"मग काय माझं सांगतेय?"

ऊन किती, सावली किती, पाणी कुठून वाहतं, हे त्यानं एकेक करून विचारून घेतलं. आत्याला अर्ध्याची उत्तरं देता आली नाहीत. शेवटी ती म्हणाली, "असं करा, मला कुंडीतलीच द्या. मी पायऱ्यांवर ठेवून बघते. बसली तर लावीन, नाहीतर कुंडीसकट परत."

"झाड म्हणजे शर्ट नाही हो, घालून बघून परत द्यायला."

"शर्टालासुद्धा आधी नाहीच म्हणतात दुकानदार," ती म्हणाली आणि हलली नाही. तिला हलवण्यापेक्षा कबूल होणं त्याला सोपं वाटलं असावं.

अशा तऱ्हेनं पायऱ्यांवर कुंड्या आल्या. कोरफड, सदाफुली, रंगीत पानांचा क्रोटन, गवती चहा, पानफुटी, थोडे नेचे, 'ऑफिस टाइम'ची लालभडक फुलं आणि गडद चकचकीत पानांची एक कुंती. आत्या त्या मांडायची, खाली फाटकाशी जाऊन बघायची, वर येऊन बघायची, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि मग सगळ्या उचलून इकडच्या तिकडे करायची. हातात भरलेली बादली घेऊन चढून बघायची, कुठलं पान पायात येतं ते. भाचा सकाळी कामाला निघताना नेहमीच्या जागची कुंडी दुसऱ्याच पायरीवर असायची आणि तो अडखळायचा.

"आत्या, काल हा दात इथं नव्हता," तो म्हणायचा.

"दात नाही, सदाफुली आहे. नीट चाल."

चुका भरपूर झाल्या. सुरुवातीला तिनं सगळ्यांना सारखंच पाणी घातलं, अगदी मापून, आणि कोरफड बुडापासून सडून लिबलिबीत झाली. नर्सरीवाल्यानं तिला चांगलंच फैलावर घेतलं. कोरफडीच्या तोंडात पाणी ओतता म्हणजे काय, ती काय मागतेय का! आत्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. गवती चहा दिसायला झोकदार, पण वाढला तसा पायऱ्यांवर लोळायला लागला आणि सकाळी कामाला निघणाऱ्यांच्या पोटऱ्या ओल्या करायला लागला. तो परत गेला. नेचे पावसात असे काही फोफावले की आत्यानं त्यांना मनातल्या मनात पास करून टाकलं, आणि ऊन तापल्यावर त्यांचा कोळसा झाला. क्रोटन उन्हातल्या पायरीवर झगझगीत, सावलीत नेला की तोंड पाडून बसायचा, मग त्याची जागा ठरली. 'ऑफिस टाइम'ची गंमत वेगळीच. भाचेसून घरातून निघायची तेव्हा ती फुलं उघडलेली नसत, आणि ती परत यायची तोवर मिटलेली असत. ऑफिसला जाणाऱ्या बाईला ती कधी दिसलीच नाहीत. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ही रोज एवढी फुलतात?" तिच्या आवाजात इतकी हळहळ होती, की आत्यानं ती कुंडी परत द्यायचा विचार सोडून दिला. सुट्टीपुरती का होईना, राहू दे.

आणि कुंती. ती वरच्या वळणावर, खडकाच्या एका भेगेवर ठेवली तशी आत्या दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "बसली." हा शब्द तिच्या तोंडून सहजासहजी येत नसे. गाळ्यातली काजवाली मैत्रीण म्हणायची, की हिच्याकडून 'बसलं' ऐकायला गिऱ्हाइकाला नवस बोलावा लागतो. कुंती पावसात हिरवी, थंडीत हिरवी, उन्हाळ्यात हिरवी. मधूनच मन होईल तेव्हा पांढऱ्या फुलांनी भरायची आणि वळणावर वास दरवळायचा. बाकीच्या कुंड्या फिरत राहिल्या, ह्या कुंडीला आत्यानं पुन्हा हात लावला नाही. पाणी घालायची, वाळकं पान काढायची, एवढंच.

ह्या सगळ्यात एक गोष्ट झाली. भाचेसून संध्याकाळी परत येताना प्रत्येक कुंडीशी थांबायला लागली. पिशवी खाली ठेवायची, पानाला बोट लावायची. "हे बरं दिसतंय." "ह्याला काय झालं?" आत्या तिची वाट बघत वरच्या वळणावर बसलेली असायची. मग तीही तिथंच बसायची, घसा दुखत असला तरी. कुणाच्या नळाला पाणी येत नाही, कोण खिडकीवर मूठ आपटून गेलं, हे हळूहळू सांगायची. आत्याही आपल्या गिऱ्हाइकांचं सांगायची. एकदा भाच्यानं वरून हाक मारली, "कुणी जेवायला येणारे का आज?" तेव्हा दोघींना कळलं की अंधार पडलाय.

असं बघता बघता सगळे ऋतू होऊन गेले. आणि इथंच आत्या धास्तावली. कुठलं झाड कुठं, ते आता तिला पाठ झालं होतं. कुंड्या फोडायच्या, झाडं भेगांत लावायची, की काम संपलं. काम संपल्यावर कुठल्या तोंडानं राहायचं? चार दिवस तर केव्हाच उलटून गेले होते, आतापर्यंत झाडांच्या नावावर दिवस निघत होते. म्हणून ती चालढकल करायला लागली. सदाफुली अजून एकदा खाली ठेवून बघू. पानफुटीचं अजून मनासारखं नाही. भाचा एकदा चहा पिताना म्हणाला, "आत्या, आता लावूनच टाक की. किती बघशील?" तो आपला साधेपणानं बोलला, पण तिचा चहा कडू झाला.

त्यातच काजवालीचा फोन. ती आता दुसऱ्या गावात बहिणीच्या घरी राहत होती. शेजारची खोली रिकामी होणार होती. "येतेस का? दोघी मिळून काहीतरी करू. पण ह्या महिन्यात सांग बाई, नाहीतर दुसऱ्याला देतील." आत्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिला जायचं नव्हतं. हे तिला स्वतःला अगदी स्पष्ट ठाऊक होतं. ह्या घरात राहायचं होतं, आणि कुणीतरी राहा म्हणायला हवं होतं, बस.

एका संध्याकाळी ती वळणावर बसून पुन्हा काजवालीशीच बोलत होती. काय ठरवलंस, म्हणून मैत्रीण पिच्छा पुरवत होती. आत्यानं विषय बदलला आणि झाडांवर गेली. भेगांत लावायची म्हणजे पायरीच्या किती जवळ, असा प्रश्न होता. झाड वाढणार, बुंधा फुगणार, नंतर पायरीवर आलं की छाटाछाट. आत्याच्या तोंडी आपली धंद्यातली भाषा. शिलाईच्या आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड ठेवतात, माणूस जाडजूड झाला तर कपडा मोठा करता यावा म्हणून, त्याला शिवणारे लोक माया म्हणतात. बेततानाच ती सोडायची असते.

"माया सोडायलाच हवी गं आता," आत्या फोनवर म्हणाली. "दोन्हीकडून. चांगली मोकळ्या हातानं सोडायची. आधीच सोडली नाही ना, तर मागाहून उसवताना जीव जातो."

काजवालीला अर्थातच नीट कळलं. "ते तर आहेच," ती म्हणाली.

आत्यानं फोन ठेवला तेव्हा खालच्या पायरीवर भाचेसून उभी होती. "आलीस?" आत्या म्हणाली. ती "हं" म्हणाली आणि एकाही पानाला बोट न लावता वर निघून गेली. कुठंतरी मोठी पाइप फुटली असणार, आत्याला वाटलं, लोकांनी खाल्लं असेल हिला आज.

पण दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. ती वळणावर बसायची थांबली. येताना दुकानातून पुठ्ठ्याची खोकी आणायला लागली आणि ती फाटकाशी रचून ठेवायला लागली. कशाला, हे आत्यानं विचारलं नाही.

मग सुट्टीचा दिवस आला. आत्या सकाळी नर्सरीवाल्याकडे गेली होती, झाडं जमिनीत कधी लावावीत ते विचारायला. चालढकल पुरे झाली, जे व्हायचं ते होऊ दे, असं मनाशी ठरवून गेली होती. परत आली तर फाटकाशी खोकी. खोक्यांत कुंड्या. प्रत्येक कुंडीभोवती वर्तमानपत्र गुंडाळलेलं, सदाफुलीच्या नाजूक फांद्यांना मऊ चिंधीनं बांधलेलं. आणि वर बघितलं तर पायऱ्या पहिल्यासारख्या राखाडी, जिथं कुंड्या होत्या तिथं नुसती ओली वर्तुळं.

आत्याला सगळं कळलं, म्हणजे तिला तसं वाटलं. न बोलणाऱ्या माणसानं ह्यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं? तुमचं आवरून झालंय, न्या. ती कठड्याला धरून एकेक पायरी चढली. वळणावर मान वर करून बघितलंसुद्धा नाही. खोलीत जाऊन तिनं पलंगाखालची ट्रंक ओढली. भरायला काही नव्हतंच. सगळं भरलेलंच होतं, दोरीसकट. इतके महिने ज्याची सोय करून ठेवली होती ती आता उपयोगाला आली, आणि तिला स्वतःचा असा राग आला, की ती ट्रंकेवरच बसली आणि रडली. पहिल्या वेळी निदान सामान लावायचं सुख तरी मिळालं होतं.

दारात भाचेसून आली. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, डोळे लाल. आत्यानं घाईनं तोंड पुसलं, पण तिचं लक्षच नव्हतं.

"आत्या, ती वळणावरची कुंती निघत नाहीये."

"निघत नाही म्हणजे?"

"हलतसुद्धा नाही. बाकी सगळ्या नेल्या मी खाली. ही ओढते तर आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. जोर लावला तर तुटेल, म्हणून तशीच सोडली. तुम्ही बघता का?"

राग असो की दुःख असो, झाड तुटेल म्हटल्यावर आत्या उठली. दोघी खाली वळणावर आल्या. आत्या गुडघे टेकून वाकली आणि कुंडीच्या बुडाशी बोटं घातली. बुडाच्या भोकातून करंगळीएवढं जाड मूळ बाहेर आलं होतं आणि खालच्या भेगेत सरळ आत गेलं होतं. कुठपर्यंत, देव जाणे. बाकीच्या कुंड्या ती सतत हलवत राहिली, म्हणून त्यांना जमलं नाही. ही एकच एका जागी राहू दिली होती.

"ही गेली की खडकात," आत्या म्हणाली. "कुणाला न विचारता."

"मग आता? तुम्ही कशी नेणार?"

"मी? कुठं?"

"तिकडं. मैत्रिणीकडं." भाचेसून पायरीवर बसली. "मी ऐकलं त्या दिवशी. चोरून नाही हो ऐकलं, चढत होते म्हणून कानावर पडलं. तुम्ही म्हणालात, आता माया सोडायलाच हवी. दोन्हीकडून. नाहीतर मागाहून जीव जातो." तिचा आवाज बसला होता, पण ती थांबली नाही. "मला वाटलं, तुमचं ठरलं जायचं. मग म्हटलं, तुमची झाडं तुमच्याबरोबर जाऊ देत. तुम्ही गेल्यावर इथं ती मला बघवली नसती."

 आत्याला आधी हसू आलं आणि ते पुरतं यायच्या आतच गेलं. तिनं भाचेसुनेचा हात धरला, बाही उलटी केली आणि आतली शिलाई तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही बघ माया. हे शिलाईच्या आतलं कापड. माणूस वाढला तर कपडा उसवून मोठा करता येतो, त्यासाठी सोडतात. तयार कपड्यात चोरतात मेले, तुझ्या ह्यात नखाएवढीपण नाहीये. झाडांना पायरीपासून जागा सोडायची, ते बोलत होते गं मी."

"ह्याला माया म्हणतात?"

"मग काय म्हणतात?"

"मला कसं माहीत असणार? आमच्याकडं कुणी शिवलंच नाही कधी." भाचेसून आपल्या बाहीकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "आत्या, वर्षभर दिसतील अशी झाडं निवडायला वर्ष लागतं, हे माहीत होतं मला. तुम्ही येताजाता चार दिवस, चार दिवस म्हणायचात. मला राहा म्हणायचा धीर होईना, तुम्ही नाही म्हणालात तर? म्हणून हे काम काढलं. नाहीतर मला पायऱ्यांचं काय पडलंय, मी तर खाली बघूनच चढते." तिनं मातीच्या हातानंच नाक पुसलं. "राहा ना. इथंच. किती दिवस वगैरे काही नाही."

आत्यानं सगळं आयुष्य दुसऱ्यांना उठा, बसा, हात वर करा म्हणण्यात घालवलं होतं. आता कुणीतरी तिलाच राहा म्हणत होतं. तिनं कुंतीच्या एका पानावरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग दुसऱ्या पानावरची.

"कुदळ आण," ती म्हणाली.

"कशाला?"

"ही अशी निघायची नाही. कुंडी फोडायला लागेल."

भाचेसुनेनं कुदळ आणली. आत्यानं ती उलटी धरली, एकदा हळूच टेकवून अंदाज घेतला आणि मग घाव घातला. पहिल्या घावाला तडा गेला, दुसऱ्याला कुंडीचे चार तुकडे झाले. माती मुळांना धरून तशीच उभी राहिली, कुंडीच्या आकाराची. आवाज ऐकून भाचा हातात कुणाचीतरी अर्धी कवळी घेऊन वर दारात आला.

"काय फुटलं?"

"कुंडी," भाचेसून म्हणाली.

"अगं, ती परत द्यायची होती ना नर्सरीवाल्याला?"

"नाही द्यायची," आत्या म्हणाली. "तू ते दात ठेव आत, आणि फाटकाशी जा. सगळी खोकी वर आण. आणि हळू, सदाफुलीला बांधलंय, तुटेल."

तो गेला. दोघींनी मिळून मातीभोवती दगड रचायला घेतले. भाचेसुनेनं एक चपटा दगड उचलला, पायरीच्या काठाशी धरला आणि थांबली.

"इकडून किती सोडायची?"

"काय?"

"माया."

आत्यानं आपला पंजा पालथा करून पायरी आणि बुंध्याच्या मध्ये ठेवला. बोटं पसरली, जरा विचार केला, आणि आणखी थोडी पसरली. "एवढी," ती म्हणाली. "आणि सोडायची म्हणू नको आता. ठेवायची म्हण."

"ठेवायची," भाचेसून म्हणाली आणि तिनं दगड आत्याच्या करंगळीला टेकवून बसवला.